कुणीतरी जागं हवं

फुआतिनो : डोकं हलवू नकोस गं. तेल डोळ्यांत गेलं की मलाच बोल लावशील.

सेफिना : मी नाही हलवत, आई. लागी केस ओढतेय.

फुआतिनो : तिच्या हातात ती करवंटी दे. घे गं बये, चाव. दात फुटायला लागले की नातीचा शार्क होतो. हं, आता सासूला नीट सांग. सकाळी काय झालं?

सेफिना : सांगितलं की. डोळा लागला.

फुआतिनो : डोळा लागला म्हणे! रात्री नव्या घरात, नव्या गादीवर, पंख्याखाली लागत नाही तो डोळा. आणि उमूच्या भट्टीतल्या तापलेल्या दगडांपुढे बसल्या बसल्या बरा लागला!

सेफिना : लेमीमामांनी वरची पानं काढली. अळूचे कंद, नीरफणस, सगळं टोपलीत भरलं. दगड अजून धगधगत होते. मी लागीला मांडीवर घेऊन बसले होते, तिची पाठ मला इथे, पोटाशी लागत होती. तेवढं आठवतंय. त्यानंतर एकदम मामांचा ओरडा.

फुआतिनो : माझा भाऊ ओरडला म्हणून वाचली. त्याने वळून बघितलं तर पोर रांगत दगडांशी पोचलेली, आणि आईची मान छातीवर.

सेफिना : तिचा हा तळवा बघा ना. इथे लालसर दिसतं का?

फुआतिनो : नाही.

सेफिना : उजेडात धरून बघा.

फुआतिनो : सेफिना, काही झालेलं नाही तिला. किती वेळा बघशील? चर्चमध्ये सगळे डोळे मिटून प्रार्थना करत होते आणि तू तिची बोटं उलटीपालटी करत होतीस.

सेफिना : सगळ्यांचे डोळे मिटलेले होते तर तुम्हाला कसं दिसलं?

फुआतिनो : मी घरातली वडीलधारी आहे. मला एक डोळा उघडा ठेवावा लागतो.

सेफिना : गावात कळलंय का?

फुआतिनो : लेमीला माहीत आहे ना? मग कळलं. शेजारची सिएनी मला विचारत होती, सुनेला कुणी झपाटलंय का म्हणून. मी म्हटलं, तुझी जीभ कुणी झपाटलीय ते आधी बघ.

सेफिना : चर्चच्या दारात?

फुआतिनो : पायऱ्या उतरल्यावर. मला काय रीत कळत नाही?

सेफिना : मी उद्या जाऊन त्यांना सांगते, लागी बरी आहे म्हणून.

फुआतिनो : कुठे जायचं नाही. ऐक जरा. काही ऐकू येतंय?

सेफिना : लेमीमामा घोरतायत. झाडाखाली.

फुआतिनो : आणखी?

सेफिना : सिएनीकाकू. त्यांचं शिट्टी वाजल्यासारखं असतं. त्यांच्या पलीकडे त्यांचा नवरा. तो मधेच थांबतो. मला वाटतं आता श्वास घेतच नाही हा... मग घेतो.

फुआतिनो : बघ! रविवारची दुपार. चर्च झालं, जेवण झालं. आता संध्याकाळच्या घंटेपर्यंत कोंबडीसुद्धा पाऊल टाकत नाही. अख्खं गाव पसरलंय. आणि माझी सून दुसऱ्यांच्या नवऱ्यांचे श्वास राखत बसलीय.

सेफिना : तुम्हीही जाग्याच आहात.

फुआतिनो : तुझ्या डोक्याला तेल लावतेय म्हणून! एरवी मी दगड. त्या घरात तर विचारूच नकोस. माझ्या मुलाने बांधलंय. खिडक्यांना काचेच्या पट्ट्या, माझी खोली, माझं दार. राणीसारखी झोपते मी.

सेफिना : हो. रोज सकाळी सांगता.

फुआतिनो : मग? खोटं सांगते का?

सेफिना : मी कुठे तसं म्हटलं?

फुआतिनो : तोंडाने नाही म्हटलंस. मान म्हणाली. हात आहे माझा मानेवर. दोरखंड झालाय नुसता. संत्र्याच्या पानांचा चहा प्यायलीस काल?

सेफिना : दोन मग.

फुआतिनो : आणि?

सेफिना : आणि रात्रभर बाहेर जावं लागलं. दर वेळी लागीला उचलून.

फुआतिनो : तिला कशाला उचलायची? तो कठड्याचा छोटा पलंग माझ्या एतीने बोटीतून धाडलाय तो काय कोंबड्यांसाठी?

सेफिना : एकटी कशी ठेवू? ती त्यात झोपते, आई, चांगली झोपते. मी हात घालून बघते, नाकापुढे बोट धरते. वारा लागतो. मग पाठ टेकते. मग वाटतं, तो पंख्याचाच वारा असेल. परत उठते. पंखा बंद करते, परत बोट धरते. मग तिला घाम येतो.

फुआतिनो : बायबल वाच म्हटलं होतं मी. तो वंशावळीचा भाग. अमक्याला तमका झाला, तमक्याला ढमका झाला. तुझा सासरा अर्ध्या पानात गाढ व्हायचा.

सेफिना : वाचला. पण त्यांच्या आयांचा विचार येत राहिला. एवढी मुलं झाली, त्यातल्या कुणाला ताप आला असेल, कोण विहिरीत वाकलं असेल. ते काहीच लिहिलेलं नाही तिथे.

फुआतिनो : एतीला मी आधीच म्हटलं होतं, शाळेत शिकवणारी बायको करू नकोस.

सेफिना : मेलेने फोनवर पावसाचा आवाज पाठवलाय. न्यूझीलंडात बायका तो लावून झोपतात म्हणे.

फुआतिनो : माझी लेक सासरी जाऊन खुळी झाली. आणि तू तिच्यावरची! परवा पत्र्यावर खरा पाऊस कोसळत होता आणि खाली तू तो फोनातला लावून बसली होतीस.

सेफिना : ते तर परवा पहाटे होतं. तुम्हाला कसं ऐकू आलं?

फुआतिनो : अं? पाणी प्यायला उठले होते. दगडाला काय तहान लागत नाही? नर्सने गोळ्या दिल्यात ना तुला, त्या कुठे गेल्या?

सेफिना : डब्यात आहेत. एक काढली, अर्धी तोडली, परत ठेवली. ती घेतली आणि लागी रडली, मला ऐकूच आलं नाही तर?

फुआतिनो : मला येईल.

सेफिना : मधे दोन भिंती आहेत, आई. आणि रडलीच नाही तर?

फुआतिनो : रडली नाही तर झोपली असेल, बाई!

सेफिना : किंवा काहीतरी झालं असेल.

फुआतिनो : बरं. आता माझं ऐक. मी ठरवलंय. आज रात्रीपासून लागी माझ्या खोलीत.

सेफिना : नको.

फुआतिनो : का नको? मी सहा वाढवलीत.

सेफिना : वाढवलीत. पण तिला तिकडे नेलंत तर मला असं वाटेल की... गाव म्हणेल की आईच्या हाती पोर ठेववत नाही.

फुआतिनो : मग महिनाभर माहेरी जा. झोप, खा, परत ये.

सेफिना : शनिवारी एती येतोय! एवढ्या महिन्यांनी. आणि मी माहेरी? त्यापेक्षा चर्चच्या फळ्यावरच लिहा ना, सुनेला परत धाडली म्हणून.

फुआतिनो : आवाज खाली. लोक झोपलेत.

सेफिना : मी जाणार नाही.

फुआतिनो : पोरी, मी तुझ्यावर रागावलेले नाही. पण आज लेमीने मागे वळून बघितलं. पुढच्या रविवारी नाही बघितलं तर? मला एतीच्या हातात धडधाकट पोर द्यायचीय. झोप तरी, नाहीतर पोर माझ्याकडे. तिसरं काही तुला सुचत असेल तर बोल.

सेफिना : बोलते. आधी एक विचारू द्या. आपल्या घरात रात्री कोण चालतं?

फुआतिनो : कोण चालणार?

सेफिना : रोज चालतं. मधल्या बोळातून. उघडे पाय. एक पाय थोडा घासतो. माझ्या दाराशी येऊन थांबतात. मग दाराची मूठ हळूच फिरते, अर्धी, आणि परत जागेवर येते. मग पावलं जातात. आणि थोड्या वेळाने परत.

फुआतिनो : तुझा सासराच असेल. त्याची कबर दोन्ही घरांच्या मधे आहे. नवं घर बघायला येत असेल बिचारा, त्याच्या वेळी कुठे होतं.

सेफिना : मलाही तेच वाटत होतं. भीतीने मी दिवा चालू ठेवते, केस बांधून ठेवते, कडी लावते. पण आत्ता तुम्ही तेल लावायला घेतलंत ना...

फुआतिनो : सरळ बस.

सेफिना : दाराच्या फटीतून हाच वास येतो. त्या पिवळ्या फुलांचा.

फुआतिनो : सगळ्या गावाचं तेल असंच असतं.

सेफिना : सिएनीकाकू फुलं घालत नाहीत. तुम्हीच नावं ठेवता त्यांना.

फुआतिनो : मान सरळ धर म्हटलं ना.

सेफिना : आई, तुम्ही माझं दार का ढकलता?

फुआतिनो : ढकलत नाही. बघते.

सेफिना : काय?

फुआतिनो : उघडं आहे का. रोज लावलेलं असतं. मग कान लावून उभी राहते. पोर खोकली की जाते. नाही खोकली तर गुडघा दुखेपर्यंत उभी.

सेफिना : मी कडी लावते ती तुमच्या पावलांना घाबरून!

फुआतिनो : आणि मी उठते ती तुझ्या कडीच्या आवाजाने! खट्ट वाजतं आणि मी पलंगावरून खाली. आत काही झालं तर मी आत जाणार कशी? ह्या वयात काचा फोडू?

सेफिना : आणि ती राणीसारखी झोप?

फुआतिनो : हसू नकोस.

सेफिना : मी हसत नाहीये.

फुआतिनो : खांदे हलतायत तुझे. हसतेस की रडतेस?

सेफिना : मलाच कळत नाही. किती दिवस, आई?

फुआतिनो : पाद्रीबाबांनी घराला आशीर्वाद दिला ना, त्या रात्रीपासून. एवढा मोठा पलंग. मी मधे पडते, दोन्ही बाजूंना हात फिरवते, कुणीच नाही. जन्मल्यापासून माझ्या अंगाला कुणीतरी लागलेलं असायचं. आजी, बहिणी, मग नवरा, मग पोरं. तो गेला तरी मेले होती, तिची लाथ असायची पोटात. आता लाथसुद्धा नाही.

सेफिना : मग मला एका शब्दाने तरी सांगायचं.

फुआतिनो : काय सांगू? माझ्या मुलाने परदेशात शिडीवर चढून, सफरचंदं तोडून तोडून बांधलेल्या घरात मला झोप येत नाही? भर चर्चमध्ये बायका म्हणाल्या, फुआतिनो, तुझं नशीब. तू तरी कुठे बोललीस?

सेफिना : मी सून आहे. मी कशी बोलणार? पहिल्याच महिन्यात म्हणू, की हे पक्कं घर नको, मला आपलं जुनं, बिनभिंतींचं फालेच बरं होतं? इथे, या चटईवर मला झोप लागायची, आई. लागी जन्मली त्या दिवसांतसुद्धा. चारी बाजूंनी उघडं, डास, कुत्री, समुद्राचा आवाज, दिराचं घोरणं. आणि मी पडल्या पडल्या जायची.

फुआतिनो : दमायचीस म्हणून.

सेफिना : आताही दमते. तसं नाही ते. मी खूप विचार केलाय यावर, रात्री दुसरं काय करणार? इथे नऊ जण झोपायचो आणि त्यांतलं कुणीतरी जागं असायचं. तुम्ही खोकायचात. मेले पांघरूण ओढायची. बाबा उठून कंदील बघायचे. मला अर्धवट कळायचं, कुणीतरी आहे, कुणीतरी बघतंय, आणि मी सोडून द्यायची. त्या खोलीत सोडता येत नाही. तिथे मी सोडलं तर कुणीच नाही.

फुआतिनो : हं.

सेफिना : तिसरं सुचतंय का विचारलंत ना. हेच. आपण दोघी परत इथे झोपायचं.

फुआतिनो : आणि शुक्रवारी लेमी पोरं घेऊन हेच फाले उतरवायला येतोय.

सेफिना : माहीत आहे. म्हणून तर मी आज... फोन वाजतोय. एतीच असेल.

फुआतिनो : उचल. तोंड पूस आधी.

एती : सेफी! तू दिसतेयस. मी दिसतोय का? इकडे धुकं आहे, फोन अडखळतोय. माझी राजकन्या कुठंय?

सेफिना : ही बघ. करवंटी खातेय.

एती : दात! आई, दात बघितलेस का?

फुआतिनो : माझ्या बोटाला विचार.

एती : तुम्ही जुन्या फालेत काय करताय? एवढं घर सोडून? बरं ऐका, गाडी बोटीवर चढली. थोडी गंजलीय, पण चालते. मामाला सांगितलंय, शुक्रवारी फाले उतरवायचं, त्याच जोत्यावर गाडीला छप्पर. रस्त्यावरून येणाऱ्याला आधी गाडी दिसेल, मग मागे घर.

सेफिना : एती, त्याबद्दलच बोलायचं होतं.

एती : खांब नको टाकूस म्हणशील. नाही टाकणार. डुकरांच्या कुंपणाला वापरू.

फुआतिनो : डुकरांच्या!

सेफिना : एती, आज सकाळी लागी उमूच्या दगडांपर्यंत रांगत गेली.

एती : काय?

सेफिना : काही झालं नाही. मामांनी उचलली. माझ्या मांडीवरून गेली. मला झोप लागली होती.

एती : भर सकाळी? तू आजारी आहेस का? हात दाखव तिचे. दुसरा. पाय. सेफी, तुला झोप लागली म्हणजे काय?

सेफिना : रात्री लागत नाही म्हणजे. घरात राहायला गेल्यापासून.

एती : दर रविवारी विचारतो मी, घर कसं आहे. तू म्हणतेस छान.

सेफिना : छानच आहे. खरंच छान आहे. भिंतींचा रंग, ती फरशी, सगळं. फक्त मला तिथे झोप येत नाही.

एती : सवय होईल.

सेफिना : मीही तेच म्हणत होते. आज सकाळपर्यंत.

फुआतिनो : दे इकडे तो फोन. एती, मलाही येत नाही.

एती : तू तर दगडासारखी झोपतेस!

फुआतिनो : तुला बरं वाटावं म्हणून झोपत होते.

एती : हे बरं आहे. दोघींनी मिळून ठरवलंय का? आई, मी इथे कसा झोपतो माहितीय? कंटेनरमध्ये आठ जण. फिलिपो घोरतो. सावी झोपेतसुद्धा सफरचंदं तोडतो, ओरडतो, शिडी धर, शिडी धर. कानात कापूस घालून पडतो मी. लहानपणी तुमच्या सगळ्यांच्या मधे, इथे या सगळ्यांच्या मधे. आयुष्यात एकदा, एकदा मला दार लावून झोपायचंय. आत मी, सेफी, लागी. बाहेर सगळं जग. एवढ्यासाठी मी इतके हंगाम झाडांवर लटकलो.

सेफिना : मला माहीत आहे. म्हणूनच नाही बोलले.

एती : मग आता का बोलतेस? घर बांधून झाल्यावर?

सेफिना : दगड तापलेले होते, एती.

एती : फालेत तरी आता कोण उरलंय? सगळे इकडे आले, मेले सासरी गेली. तिथे झोपलीस तरी ते नऊ जण काय परत येणार आहेत?

सेफिना : नाही. पण आई हाताशी असतील. मधे भिंत नसेल.

फुआतिनो : आणि हे खांब तुझ्या बापाने जंगलातून खांद्यावर आणलेत. डुकरांसाठी नाही.

एती : लोक काय म्हणतील? एतीने पक्कं घर बांधलं आणि घरातल्या बायका उघड्यावर झोपतात! मला हसतील सगळे, आई.

फुआतिनो : हसू दे. हसून दमले की झोपतील. त्यांना येते.

एती : जेवायची घंटा झाली इथे. मला जायला हवं. मामाला मी शब्द दिलाय, शुक्रवारी म्हणजे शुक्रवारी. सेफी, त्या गोळ्या घे. लागीला जप.

सेफिना : एती... गेला. ठेवला त्याने.

फुआतिनो : घंटा कसली, रविवार आहे. त्यांचं जेवण ते स्वतःच रांधतात.

सेफिना : मी दुखावलं त्याला.

फुआतिनो : दुखावलं. काहीतरी खाईल आणि विचार करेल. माझा आहे तो, उपाशीपोटी त्याला विचार करता येत नाही.

सेफिना : शनिवारी तो आत झोपेल आणि मी बाहेर. नवरा इतक्या महिन्यांनी घरी आला आणि बायको सासूजवळ. किंवा शुक्रवारीच सगळं संपेल आणि मी परत त्या खोलीत. आज रात्री काय करायचं ते तरी...

फुआतिनो : रात्र यायचीय अजून. आत्ता दुपार आहे. आडवी हो.

सेफिना : आता? इथे? रस्त्यावरून दिसतं सगळं.

फुआतिनो : रस्त्यावर आहे कोण? सगळे झोपलेत. हो आडवी. केस असू दे तसेच, चटईला तेल लागलं तर लागलं. पाय पसर.

सेफिना : लागी सरकेल. जोत्याला कठडा नाही.

फुआतिनो : ती कापडाची पट्टी दे. एक टोक तिच्या पायाला, हे बघ, सैल, दुसरं माझ्या मनगटाला. सहाही पोरं अशीच बांधली मी. समुद्र इतका जवळ, एकही गेलं नाही.

सेफिना : पण तुम्हालाही झोप लागली तर? तुम्हीही किती दिवसांच्या जाग्या आहात.

फुआतिनो : आधी तू. तू उठलीस की मग मी. तेव्हा तू बस पट्टी बांधून.

सेफिना : मला लागणारच नाही, बघा. डोळे मिटले की ते दगड दिसतात.

फुआतिनो : दिसू देत. लागी माझ्याकडे आहे, ते बघ आणि दगड बघ.

सेफिना : निवले असतील का ते?

फुआतिनो : निवले.

सेफिना : मामांनी वर पानं टाकली?

फुआतिनो : मी स्वतः टाकली. पाणीही ओतलं.

सेफिना : तिच्या पायाला पट्टी काचत तर नाही ना?

फुआतिनो : चावतेय ती पट्टी. खूश आहे.

सेफिना : एतीला परत फोन करायला हवा. तो एकटाच बसला असेल. रागावला की तो एकटा बसतो. आई, सिएनीकाकूंचा नवरा परत थांबला.

फुआतिनो : घेईल श्वास. आता त्याचं मी बघते.

सेफिना : बोलत राहाल का? काहीही. मला नका विचारू. नुसतं बोला.

फुआतिनो : बोलते की. काय बोलू? हा मधला खांब आहे ना, तो तुझ्या सासऱ्याने आणला तेव्हा माझ्या पोटात एती होता. खांब वाकडा निघाला. माझा बाप म्हणाला, परत नेऊन टाक. हा म्हणाला, राहू दे, बायको टेकून बसेल. मग मी बसायचे. पाठीला बरोबर बसतो तो बाक. आत्ताही टेकलेय. मेले झाली तेव्हाही इथेच टेकले होते, आणि ती जी रडायला लागली... सेफिना? अगं? बरं. घे गं लागी, हळू. हे बोट चाव, ती करवंटी नको, वाजते.

(बऱ्याच वेळाने चटईवरचा फोन थरथरतो.)

एती : सेफी, ऐक, मी... आई? सेफीचा फोन तुझ्याकडे कसा?

फुआतिनो : हळू बोल.

एती : का? काय झालं?

फुआतिनो : हळू म्हटलं ना. झोपलीय.

एती : आत्ता? खरंच?

फुआतिनो : तोंड उघडं टाकून. माशी जाऊन आली तरी कळायचं नाही.

एती : दाखव.

फुआतिनो : घे. दिसली?

एती : डोळ्यांखाली केवढं काळं झालंय. फोनवर कधी दिसलं नाही मला.

फुआतिनो : तुझा फोन यायच्या वेळी ती खिडकीशी उजेडात जाऊन बसायची.

एती : लागी?

फुआतिनो : माझ्या मनगटाला बांधलीय. जागी आहे. आम्ही दोघी जाग्या आहोत.

एती : मी मामाला फोन करत होतो. उचलत नाही.

फुआतिनो : घोरतोय. ऐकू येत नाही का तुला?

एती : येतंय. उठला की सांग त्याला, शुक्रवारी येऊ नको म्हणावं. मी आलो की बघू काय ते.

फुआतिनो : बघू नाही.

एती : बरं, बघू नाही. फाले राहील. पण मी आत झोपणार, आई. दार लावून. एक रात्र तरी.

फुआतिनो : झोप. महिनाभर झोप. कुणी मूठ फिरवणार नाही.

एती : मग गाडी कुठे उभी करू?

फुआतिनो : माझ्या खोलीत. मोठी आहे, दार आहे, कुणी वापरतही नाही.

एती : हसू नकोस.

फुआतिनो : कुठे हसतेय? हसले तर पट्टी हलेल, पोर ओरडेल, मग ही उठेल. ठेवू आता?

एती : नको. चालूच असू दे. तिथे, तिच्याजवळ, चटईवर.

फुआतिनो : काही बोलायचंय का?

एती : नाही.